पाव फेरा

“मावशी, तीन-चारला नव्वदमध्ये फिरवलं की तो कुठं जातो?”

कार्तिकातली रविवारची रात्र, आठ वाजून गेलेले. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला, आणि त्याच्या चौकटीत न्यू जर्सीतली सकाळ. साडेनऊचं कोवळं ऊन भाचीच्या खांद्यावरून तिच्या वहीवर उतरलेलं, आणि त्याच उन्हाचा एक फिकट निळा तुकडा, काचेतून काचेत येत येत, माझ्या ओट्यावर सांडलेला. खाली फरशीवर आई मेथी निवडत बसली होती. तिच्या नखाखाली देठ तुटल्याचा आवाज येत होता. बारीक, ओला, एका लयीतला. भाचीच्या आठवीच्या गृहपाठात एक त्रिकोण होता, आणि तो आरंभबिंदूभोवती फिरवायचा होता. आधी ९० अंश, मग १८०, मग २७०.

तीन-चारला. गल्लीतल्या पोराला त्याच्या घरनंबरानं हाक मारावी तसं तिनं त्या बिंदूला म्हटलं, आणि मी उत्तर द्यायचं विसरून नुसती ऐकत राहिले. कारण बाबाही असंच म्हणायचे. तीन-चार. पाच-शून्य. उणे-चार-तीन. बिंदूंना नावं नसतात, ते म्हणायचे, पत्ते असतात.

बाबा मोजणी खात्यात होते. वाई तालुक्यातल्या बांधाबांधांवरून साखळी ओढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर, हे आम्हा बहिणींना पाढ्यांच्या आधी पाठ. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा चपलांना रोज निराळ्या गावची माती असे. कधी काळी, चिकट. कधी तांबूस, भुरभुरीत. आणि पहिल्या पावसानंतर तर त्यांच्याबरोबर एक अख्खं शिवार दारात येऊन उभं राही. जेवणं उरकली की साठच्या पिवळ्या दिव्याखाली ते सतरंजीवर पुठ्ठा ठेवत, पुठ्ठ्यावर आलेख कागद. त्यावरच्या बारीक हिरव्या रेघा सुकत चाललेल्या दूर्वांसारख्या दिसत. त्यातल्या दोन रेघा ते शिसपेन्सिलीनं गडद करत, एक आडवी, एक उभी. आणि जिथं त्या एकमेकींना छेदत तिथं पेन्सिलीचं टोक क्षणभर जास्त रेंगाळे, देवघरात निरांजन खाली ठेवताना हात रेंगाळतो तसं.

तो आरंभबिंदू. शून्य, शून्य.

मग तीन घरं उजवीकडे, चार घरं वर, आणि तिथं एक ठिपका. मग त्या सगळ्यावर बटर पेपर अंथरला जाई. तुपकट, धुरकट, त्याखालच्या रेघा पाण्याखालच्या गवतासारख्या हलल्यागत वाटत. ठिपक्यावर ठिपका गिरवायचा, अक्षांवर अक्ष. मग शिवणाच्या डब्यातली एक टाचणी दोन्ही कागदांतून थेट शून्यावर, पुठ्ठ्यात रुतेपर्यंत. टाचणी डुलू नये म्हणून कुणीतरी तिच्यावर बोट धरायचं. आणि बाबा बटर पेपरचा कोपरा चिमटीत धरून तो फिरवू लागायचे, इतका सावकाश, की कागदावर कागद सरकल्याची सळसळ मला अजून कानात नाही, बोटांच्या टोकांत ऐकू येते. वरचा ठिपका आपल्या खालच्या जुळ्याचा हात सोडून निघे. उभा अक्ष ओलांडे. दुसऱ्या चरणात शिरे. आणि वरचा उभा अक्ष खालच्या आडव्या अक्षावर निजला, की बाबांचा हात थांबे.

“पाव फेरा झाला. वाच.”

मी घरं मोजायची. उणे चार, तीन.

“तीनाचं काय झालं?”

“उभं राहिलं.”

“आणि चाराचं?”

“आडवं झालं. आणि उणं झालं.”

सगळा नियम एवढाच. क्ष आणि य यांनी जागा बदलायच्या, आणि उभ्याचा आडवा होताना जो पलीकडे झुकला त्याचं चिन्ह पालटायचं. आणखी पाव फेरा, की उणे तीन, उणे चार, दोघंही उधारीत. आणखी पाव, की चार, उणे तीन. आणि शेवटच्या पावाला तीन-चार पुन्हा तीन-चारावर, दिवेलागणीला पोरं घरी यावीत तसा. मग बाबा पट्टी घेत, आणि शून्यापासून चारही जागांचं अंतर माझ्याकडून मोजून घेत. पाच. पाच. पाच. पाच. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, दोन्ही मिळून पंचवीस. चिन्हं पालटली, जागा पालटल्या, चरणामागून चरण गेले, पण ते पाच काही हललं नाही.

पत्ता बदलतो, अंतर बदलत नाही.

घरात ठिपक्यांचा आणखी एक कागद होता, तो आजीचा. जुन्या कॅलेंडरचं जाड पान. बोटबोट अंतरावर खुणा करून, प्रत्येक खुणेवर पेटत्या उदबत्तीचं टोक टेकवून पाडलेली भोकं. भोकांच्या कडा तपकिरी, भाजल्यासारख्या, आणि वर्षं लोटली तरी तो कागद नाकाशी नेला की देवघर दरवळे. पहाटे सडा टाकून, गेरूचा चौकोन सारवून झाला की आजी तो कागद अंथरी, वरून रांगोळी पसरी, तळव्यानं हलकेच फिरवी आणि श्वास धरून कागद उचली. ओल्या तांबड्यावर सात ओळी, ओळीत सात ठिपके. पहाट अजून पुरती फुटलेली नसताना अंगणात उतरलेल्या ४९ चांदण्या.

बाबांचा कागद आणि आजीचा कागद एकच आहेत, हे मला फार उशिरा कळलं. आजीला अक्ष ठाऊक नव्हते, चरण म्हटलं की तिला विठोबाचेच आठवत. पण चौथ्या ओळीतला चौथा ठिपका तिला अंधारातसुद्धा सापडे. तिथून ती पहिली पाकळी ओढी. मग गुडघ्यावर हात ठेवून उठे, रांगोळीच्या कडेकडेनं पाव फेरा चाले, पुन्हा उकिडवी बसे, आणि तीच पाकळी पुन्हा. असं चारदा. पायरीवर बसून मी बघे, तेव्हा मला आजी फिरताना दिसे. पण आजीला काय दिसत असेल? दरवेळी तिच्या पुढ्यात कोरी बाजू येत होती, दरवेळी तिचा उजवा हात तीच वळणं घेत होता. तिच्या लेखी ती जागेवरच होती. अंगण फिरत होतं, तेही उलट्या अंगानं. पुढं कॉलेजात फळ्यावर वाचलं, की बिंदू एका बाजूला फिरवा किंवा अक्ष तेवढेच दुसऱ्या बाजूला फिरवा, आकडे तेच येतात; आणि वर्गातल्या खडूच्या धुरळ्यात मला एकदम ओल्या गेरूचा वास आला.

“कुठूनही बघितली तरी तीच दिसली पाहिजे,” आजी म्हणायची. “पाहुणा कुठल्या अंगानं येणार, हे रांगोळीला काय ठाऊक?”

एक गोष्ट मात्र मला छळायची. बाबा बटर पेपर नेहमी घड्याळाच्या उलट फिरवत. गणितात तोच धन फेरा. अपसव्य, ते म्हणत. आणि हा शब्द घरात एरवी ऐकू येई तो फक्त श्राद्धाच्या दिवशी. गुरुजी म्हणत, अपसव्य करा, आणि बाबा मुकाट्यानं जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेत. दर्भ, काळे तीळ, पाण्यावर हलणारा खांबांमधला प्रकाश, आणि माजघरात कुणीच मोठ्यानं बोलत नाही. त्या दिशेला ‘धन’ कसं म्हणायचं? आजीच्या तुळशीच्या प्रदक्षिणा तर कशा सरळ, वृंदावनाला उजवा हात देऊन, घड्याळाच्या काट्याबरोबर. घाटावरच्या महादेवाची तर तऱ्हाच वेगळी. तिथं फेरा पुरा करायचा नाही. अभिषेकाचं पाणी वाहून जातं त्या पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेनं मागं वळायचं आणि दुसऱ्या अंगानं तिच्या पलीकडच्या काठाला टेकायचं, आणि पुन्हा माघारी. गेलेले अंश आणि परतलेले अंश मिळून शून्य. तरी फेरा देवाला पोचतो.

“बाबा, गणित उलटं का फिरतं?”

उन्हाळ्याच्या सुट्टीतली रात्र होती. बाबांनी उत्तर दिलं नाही, वळकटी काखेत मारली आणि मला गच्चीवर घेऊन गेले. फरशी दिवसभराचं ऊन अजून सोडत होती. कृष्णेकडून मधूनच एक गार झुळूक येई, आणि तिच्यात ओल्या दगडांचा, शेवाळाचा, कुठल्याशा घाटावर विसरलेल्या फुलांचा वास. त्यांनी मला उत्तरेकडे तोंड करून बसवलं. वाईहून ध्रुव क्षितिजाच्या वर जेमतेम १८ अंश. घरांच्या कौलांवर ठेवल्यासारखा, आणि वाटतो त्याहून कितीतरी मंद.

“तिथं टाचणी आहे असं समज,” बाबा म्हणाले. “आणि सप्तर्षी कुठं आहेत ते बघून ठेव.”

सप्तर्षी वर होते, ध्रुवाच्या थेट माथ्यावर. मी बघून ठेवलं आणि झोपले. मध्यरात्री कधीतरी जाग आली तेव्हा दव नव्हतं, वारा नव्हता, गावातलं एकही कुत्रं भुंकत नव्हतं; आणि ते सात तारे, कुणी न ढकलता, डावीकडे उतरले होते. अख्खं आकाश बटर पेपरासारखं फिरलं होतं. घड्याळाच्या उलट.

सकाळी बाबा म्हणाले, आता थंडीत कधीतरी दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर अंगणात बस. सूर्य डाव्या हाताला उगवेल, समोरून उजव्या हाताला जाईल. काट्यांसारखा. आजीच्या प्रदक्षिणेसारखा. “फेरा एकच गं. रात्री तू उत्तरेकडे बघतेस, दिवसा दक्षिणेकडे.”

काचेचं घड्याळ मागून पाहिलं तर त्याचे काटे उलटे फिरतात, पण वेळ काही मागं जात नाही. सव्य आणि अपसव्य फेऱ्यात नसतंच. ते बघणाऱ्याच्या पाठीला ठाऊक असतं, ती कुठल्या दिशेला आहे ते. पुढं कितीतरी वर्षांनी, जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला घरात कुणी उरलं नाही तेव्हा, मला हे आठवलं: ज्याला आपण जाणं म्हणतो, त्याच फेऱ्याला पलीकडे तोंड करून बसलेलं कुणी येणं म्हणत असेल.

आणि त्या रात्रीचं आणखी एक. ध्रुवसुद्धा नेमका टाचणीवर नाही. एका अंशाहून कमी, पण बाजूला आहे. तोही एक बारीकसा फेरा घालतो, आणि सुमारे २६,००० वर्षांच्या एका सावकाश डुलण्यात ती टाचणीच आभाळभर सरकत राहते. जिथं खरोखर काही हलत नाही तिथं एकही तारा नाही. नुसतं काळं, रिकामं आकाश. आपण त्याच्याकडे कधी बघतसुद्धा नाही.

एकदा मी बाबांचा हात मधेच थांबवला. पाव फेऱ्याच्या अर्ध्यावर, ४५ अंशांवर. तीन-चार तिथं कुठल्याच कोपऱ्यावर बसेना. खालच्या चौकोनाच्या पोटात, पांढऱ्यात, कुठंतरी लटकला. उणे शून्य दशांश सात आणि पुढं बरंच काही; चार दशांश पंच्याण्णवच्या जरासा अलीकडे. पट्टी लावली तर अंतर पाचच. पण पत्ता असा, की पोस्टमननं परत फिरावं.

“तिथं नेमकं पोचायला ज्या आणि कोज्या लागतात,” बाबा म्हणाले होते. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाच्या कमानीला ताणून बांधलेली ती दोरी आर्यभटानं ४९९ मध्ये, तिची अर्धी अर्धी लांबी घेत, श्लोकात ओवून ठेवली. मग ती अरबांकडे गेली तेव्हा ‘जीवा’ होऊन गेली. त्यांच्या लिपीत स्वर गाळून लिहिताना नुसती जीब राहिली. पुढं कुणी तिला ‘जैब’ वाचलं, म्हणजे अंगरख्याचा गळा, कपड्याची घडी. आणि त्या घडीचं लॅटिन भाषांतर झालं ‘सायनस’. तिथून ती साइन होऊन आगबोटीनं मुंबईला उतरली आणि आमच्या मराठी पाठ्यपुस्तकात येऊन बसली. आपल्याच उंबऱ्यावर, परक्या नावानं, पाहुण्यासारखी. आणि कोज्या तिच्यामागून कोसाइन होऊन. आम्ही तिला घोकून पाठ केलं, आणि ओळखलं नाही.

पाव फेरा ठिपक्यावरून उचलून ठिपक्यावर ठेवतो. त्याहून अलीकडचं कुठलंही लहानसं वळण ही खात्री देत नाही. धाकटी बहीण परदेशी गेली त्या पहाटे विमानतळाच्या काचेपलीकडे ती वळली, पुरती नाही, जराशीच, हात अर्धवट उचललेला. आणि मला तो पांढऱ्यात लटकलेला ठिपका दिसला. आता तिची लेक मराठी क्रियापदं इंग्रजी नामांना जोडते, ‘नव्वदमध्ये’ म्हणते, भाकरीला भाकरीच म्हणते, आणि तिच्या बोलण्याचा पत्ता कुठल्याच कोपऱ्यावर बसत नाही. तरी कधीकधी, फोन ठेवताना ती ‘येते हं’ म्हणते, जाताना ‘येते’ म्हणायची रीत तिला कुणी मुद्दाम शिकवलेली नसताना, आणि मी मनातल्या मनात पट्टी लावून बघते.

पाच.

नकाशावर तिच्या आणि माझ्या घरांत रेखावृत्तांचे जवळजवळ १४८ अंश आहेत. ती उजेडात येते तेव्हा मी अंधारात शिरत असते. पण पृथ्वी आम्हा दोघींना एकदमच फिरवते, एकाच अक्षाभोवती, एकाच वेगानं दिवस पुरा करत. म्हणून आमच्यातला तो कोन एका मिनिटानंसुद्धा वाढत नाही. सगळंच एकदम फिरत असलं की कुणीच कुणापासून लांब जात नाही. लांब जातो तो एकटा फिरलेला.

बाबांच्या जातीचा एक माणूस मला कॉलेजच्या ग्रंथालयात भेटला. जातीचा म्हणजे मोजणीदारांच्या. कास्पर वेसेल, जन्मानं नॉर्वेचा, आयुष्यभर डेन्मार्कची जमीन मोजणारा. दिवसभर दिशा आणि अंतरं, अंतरं आणि दिशा. १७९७ मध्ये कोपनहेगनच्या विज्ञान अकादमीत त्याचा एक निबंध वाचला गेला, १७९९ मध्ये छापला गेला. त्यात एक साधी गोष्ट होती. एखाद्या संख्येला उणे एकानं गुणणं म्हणजे तिला शून्याभोवती अर्धा फेरा देणं. पाच उजवीकडे होते, ते डावीकडे पाच झाले. मग जिनं दोनदा गुणलं की उणे एकानं गुणल्यासारखं होतं, ती संख्या म्हणजे काय? अर्ध्याचा अर्धा. पाव फेरा. उणे एकाचं ते वर्गमूळ, ज्याला शतकानुशतकं भले भले गणिती अशक्य म्हणत, काल्पनिक म्हणत, ते इतकं जवळ होतं: आडव्या रेघेवरून उठून उभ्या रेघेवर जाणं, एवढंच. निबंध डॅनिश भाषेत होता. जवळपास १०० वर्षं तो कुणाच्या नजरेत भरला नाही.

मला त्याचं कौतुक वाटलं ते शोधाचं नाही. वाटलं, की हे सुचायला शेतातच उभं राहावं लागलं असेल. टाचा चिखलात, हाताला गारठा, एका खुंटीवर नेम धरून मग काटकोनात वळून दुसऱ्या खुंटीवर नेम धरताना, सगळं शरीर त्या उभ्या जागी फिरत असताना. बाबांचं प्लेन टेबल असंच असे. तिपाईवर एक लाकडी फळी, फळीवर कागद. आधी फळी वळवून वळवून कागदावरची रेघ आणि जमिनीवरची रेघ एका नेमात आणायची, मगच मोजणी सुरू. “कागद जमिनीकडे वळवायचा,” ते म्हणत, “जमीन कागदाकडे वळत नाही.” वेसेलचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी सांगणार होते. राहून गेलं.

बाबा गेले, त्याआधी आजी गेली होती. वाड्याच्या वाटण्या झाल्या, अंगणात एक भिंत आली, आणि तुळशीचं वृंदावन भिंतीच्या पलीकडे राहिलं. मी तोवर पुण्याची झाले होते. वाईनं मला एक पाव फेरा दिला, पुण्यानं दुसरा. मी कुणाभोवती फिरते, हे मला कुणी विचारलं असतं तर मी दोघांपैकी एकाचं नाव सांगितलं असतं.

एका रिकाम्या दुपारी मी ते कागदावर मांडून पाहिलं. वाई शून्य-शून्यवर ठेवली, पुणे चार-शून्यवर. तीन-चारला आधी वाईभोवती पाव फेरा दिला: उणे चार, तीन. मग पुण्याभोवती. दुसऱ्या केंद्राभोवती फिरवायची रीत बाबांनीच शिकवलेली: आधी ते केंद्र शून्यावर ओढून आणायचं, फेरा द्यायचा, मग सगळंच उचलून परत नेऊन ठेवायचं. तसं केलं, आणि बिंदू उतरला एक, उणे आठवर. दोन पाव मिळून अर्धा फेरा. पण कशाभोवती? मी सुरुवात आणि शेवट जोडले, मध्य काढला. तो वाईवर नव्हता. पुण्यावर नव्हता. दोघांना जोडणाऱ्या रेघेवरसुद्धा नव्हता. दोन, उणे दोन; दोघांच्या मधोमध, पण रेघेच्या खाली, चौथ्या चरणात, जिथं मी कधी काही ठेवलेलं नव्हतं. दुसरा बिंदू घेतला, तिसरा घेतला. प्रत्येकाचा अर्धा फेरा त्याच जागेभोवती.

म्हणजे दोन घरांनी फिरवलेल्या माणसाचं केंद्र तिसरंच असतं. ते कुणी निवडत नाही, कुणी दाखवत नाही. फिरून झाल्यावर उमटतं.

“मावशी, तू ऐकतेयस ना?”

“ऐकतेय. थांब, तुला दाखवते.”

बाबांची आलेखवही आत कपाटात होती. पानांमध्ये तोच बटर पेपर. आता मधासारखा पिवळा, कडांना कुरकुरीत, आणि त्यावर माझ्या अक्षरातला एक गोल गरगरीत तीन आणि चार. दिव्यासमोर धरला तसा मधोमध एक उजेडाचा कण चमकला. टाचणीचं भोक. पण टाचणीएवढं नव्हतं ते. वर्षानुवर्षं तिथंच टोचून, तिथंच फिरवून कागद झिजला होता, आणि शून्य-शून्य आता ज्वारीच्या दाण्याएवढं झालं होतं. सगळे ठिपके होते तसेच, कोरे करकरीत. झिजला होता तो एकटा न हललेला बिंदू.

मी कापडातली टाचणी काढली, पुठ्ठा ओट्यावर ठेवला, फोन जरा खाली झुकवला, आणि फिरवू लागले. पण टाचणी त्या मोठ्या भोकात डुलायला लागली. वरचे अक्ष खालच्या अक्षांवर बसेनात. तीन-चार कधी उणे चाराच्या अलीकडे, कधी पलीकडे. एक हात कागदाच्या कोपऱ्याला, दुसरा फोनला.

मागं मेथीच्या देठांचा आवाज थांबला. आई उठली. पदराला हात पुसले, तरी बोटांना एक हिरवं पान चिकटून होतंच, आणि काही न विचारता, काही न बोलता, उजव्या हाताची तर्जनी तिनं टाचणीच्या माथ्यावर दाबली.

“फिरव,” ती म्हणाली.

साठचा पिवळा दिवा. सतरंजी. बाबांचा आवाज मला आठवत होता, पट्टी आठवत होती, चारही चरण, चारही पाच, सळसळसुद्धा. टाचणीवर बोट धरणारं कुणीतरी तेवढं ‘कुणीतरी’ राहिलं होतं. पाव फेरा, अर्धा फेरा, पाऊण फेरा. आम्ही ठिपक्याकडे बघत असू, आणि ती मान तिरकी करून, फेऱ्यात न येता, दुधाकडे एक कान ठेवून बसलेली असे.

कागद फिरला. सर्र. तीन-चार निघाला, उभा अक्ष ओलांडला, आणि नेमका उणे चार-तीनवर जाऊन बसला.

“ओह, ओके,” भाची म्हणाली, आणि लिहू लागली. मग तिनं पेन्सिल ओठांवर टेकवली. “लास्ट क्वेश्चन. शून्य-शून्यचं काय होतं?”

मी आईकडे पाहिलं.

“काहीच नाही ना?” भाचीनं स्वतःच उत्तर दिलं. “लिहिते. त्याला काहीच होत नाही.”

आईनं बोट उचललं. त्याच्या टोकावर टाचणीच्या माथ्याचा एक बारीक, गोल खळगा पडला होता. तो भरून यायला थोडा वेळ लागला.